डॉल्बीचा दणका बोळात वळतो, मग लाईट का वळत नाही?

गंगावेशीतली शिवणवाली

नमस्कार मंडळी. प्रश्न माझा नाही, लेकीचा आहे. ती नववीत आहे. पण तिनं विचारल्यापासून तो माझ्याच डोक्यात बसलाय. मशीनवर पाय चालतो आणि मन तिकडंच.

आमचं घर कोल्हापुरात गंगावेशीजवळ एका बोळात. पुढच्या खोलीत माझं ब्लाउज शिवायचं दुकान. विसर्जनादिवशी मोठ्या रस्त्यानं डॉल्बी निघालेली. रस्ता आमच्यापासनं दोन वळणं पलीकडं, मधे तीन घरं आणि एक बंद वखार. तरी माझ्या काचेच्या बरणीतली बटणं किणकिण वाजायला लागली. बरणी हातात घेतली की गप्प, फळीवर ठेवली की परत सुरू. गाणं कुठलं ते कळत नव्हतं, शब्द तर एक नाही. नुसतं धम् धम् धम्, तेही कानापेक्षा छातीत जास्त.

लेक म्हणाली, आई, आवाज आला मग लाईट का नाही आला? खरंच की. त्या गाडीवर एवढे फिरणारे झोत, हिरव्या रेघा, कौलांच्या वर धुरात सगळं दिसत होतं. आमच्या बोळात मात्र अंधार. ती बोळाच्या तोंडापर्यंत पळत जाऊन आली. म्हणाली, कोपऱ्यावर गाणं एकदम स्वच्छ येतं आणि लाईटही तिथंच डोळ्यांवर येतो. एक पाऊल मागं घेतलं की लाईट कात्रीनं कापल्यासारखा जातो, शब्द हळूहळू पुसट होतात, धम् धम् काही जात नाही.

तिच्या पुस्तकात तर दोन्ही लाटाच म्हटल्यात. मग एक लाट वळती आणि दुसरी वळत नाही, असं कसं? शिकवणीच्या सरांना विचारलं, ते म्हणाले हे परीक्षेला येत नाही. झालं.

आणखी एक. थंडीच्या दिवसांत पहाटे चारला उठून शिवत बसते तेव्हा रेल्वेचा भोंगा स्पष्ट ऐकू येतो. स्टेशन आमच्यापासनं अडीच-तीन किलोमीटर असेल. दिवसा कधीच येत नाही. रहदारीमुळं म्हणावं तर सुट्टीच्या दुपारी बोळ अगदी सामसूम असतो, तेव्हाही नाही.

सूत्र नको. वेग म्हणजे वारंवारिता गुणिले तरंगलांबी, हे लेकीला पाठ आहे. त्यातनं माझी बटणं का वाजली ते कुणीतरी सांगा.

पेठेतला पैलवान

सोपं आहे ताई. डॉल्बीत ताकद लई. मोठा आवाज जोरात पळतो आणि भिंत फोडून येतो. लाईटला तेवढी ताकद नसती. आणि पहाटे भोंगा ऐकू येतो कारण त्या वेळी आपले कान ताजे असतात.

प्रयोगशाळेतले काका

ताई, मी एका कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत ३१ वर्षं सहाय्यक होतो. शिकवायचे प्राध्यापक, साहित्य मांडायचो मी. त्यामुळं माझं ज्ञान फळ्यावरचं कमी, टेबलावरचं जास्त. चालत असेल तर वाचा.

आधी पैलवानांचं. मोठा आवाज जास्त वेगानं पळत नाही. तसं असतं तर लांबून येणारा हलगी-घुमकं-कैताळाचा ताफा ऐकताना हलगी आधी पोचली असती, घुमकं मागनं आलं असतं आणि कैताळ तिसऱ्याच ठेक्यात पडला असता. प्रत्यक्षात अर्धा किलोमीटरवरनं ऐका, ठेका जसाच्या तसा. जोरात-हळू, बारीक-जाड, हवेतनं सगळे एकाच चालीनं चालतात. २० अंश सेल्सियसला सेकंदाला साधारण ३४३ मीटर. हवा जशी तापेल तसं दर अंशाला ०.६ मीटर वाढतं. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, तुमच्या भोंग्यासाठी लागणार आहे.

आता तुमचा मूळ प्रश्न. तुम्ही शिवणकाम करता, तर मापातच बोलू.

डॉल्बीच्या बेसचा जो खोल दणका असतो तो सेकंदाला ४०-५० कंपनांचा. ३४३ ला ४२ नं भागा, ८ मीटर आणि वर थोडं येतं. म्हणजे एका दणक्याची एक लाट, एका उंचवट्यापासनं पुढच्या उंचवट्यापर्यंत, अख्ख्या नऊवारी लुगड्याएवढी लांब. खरंच पसरून बघा खोलीत, मावणार नाही. आता गाण्यातले शब्द कशावर कळतात? स, श, च, ट या व्यंजनांवर. त्यातला 'स' सेकंदाला ६,००० कंपनांच्या आसपास. त्याची लाट सव्वादोन इंच. ब्लाउजच्या बाहीच्या पट्टीएवढी म्हणा. आणि हिरव्या उजेडाची लाट? मिलिमीटरचे दोन हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाहून किंचित मोठी. तुमच्या रिळाचा दोरा पाव मिलिमीटर जाड धरला तर त्याच्या जाडीत हिरव्या उजेडाच्या साडेचारशे लाटा ओळीनं बसतात.

लाट अडथळ्याला वळसा घालते की नाही, हे अडथळा तिच्या मापापुढं केवढा आहे त्यावर असतं. तुमचा बोळ आठ-दहा फूट रुंद असेल. नऊवारी लाटेला तो बोळ म्हणजे एक फट. फटीतनं आली की ती चहूकडं पसरते, कोपरा असो नसो. सव्वादोन इंची लाटेला तोच बोळ मैदान आहे. ती बरीचशी सरळ जाते, थोडीशीच काठानं आत वळते, म्हणून लेकीला शब्द हळूहळू पुसट होताना ऐकू आले. आणि उजेडाला तुमचा बोळ? नको विचारायला. म्हणून तो कोपऱ्यावर कापल्यासारखा. तुमच्या लेकीनं एका पावलात तिन्ही लाटांची मापं घेतली, फक्त तिला कुणी सांगितलं नाही.

भिंतीतनं येण्याचं कारण थोडं निराळं. दणक्यानं भिंतच हलते, अगदी केसाएवढीही नाही, पण हलते. भिंत जड असते. सेकंदाला ४० वेळा हलवलं तर ती थोडी साथ देते, ६,००० वेळा हलवायला गेलं तर जागची ढिम्म. म्हणून धम् आत आणि शब्द बाहेर. फळी हलली, फळीनं बरणी हलवली. हातात घेतल्यावर मनगटानं ते झटके गिळले.

पण उजेड वळतच नाही असं लेकीला सांगू नका. फट त्याच्या मापाची द्या, वळतो. तुमच्याकडं ऑर्गंझाचा तुकडा असेलच. रात्री तो डोळ्यांसमोर ताणून धरा आणि लांबच्या रस्त्यावरच्या दिव्याकडं बघा. एक दिवा दिसणार नाही. मधे एक, त्याच्या चारी बाजूंना फुलीच्या आकारात ठिपके, काठाला रंग. तो विणीतल्या फटींतनं वळून आलेला उजेड. गंमत अशी की कापड जितकं बारीक विणीचं तितके ठिपके एकमेकांपासनं लांब जातात. माणसाला उलटं वाटतं. मलाही वाटलं होतं. लंडनमध्ये थॉमस यंग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोन फटींतनं उजेड पाठवून काळ्या-उजळ पट्ट्या दाखवल्या, तेव्हा कुठं उजेड ही लाट आहे या म्हणण्याला बळ आलं. तोवर न्यूटनच्या वजनाखाली लोक त्याला कण समजत होते.

दोन्ही लाटा असल्या तरी जात वेगळी, हेही सांगून टाकतो. ज्योतिबाच्या चैत्र यात्रेत गर्दीत उभ्या आहात असं धरा. मागनं कुणीतरी रेटा दिला. तुम्ही पुढच्यावर आदळता, तो त्याच्या पुढच्यावर, रेटा थेट पायरीपर्यंत जातो. पण तुम्ही तिथंच असता, जरा पुढं जरा मागं होऊन. आवाज हवेतनं असाच जातो, हवेचे कण ज्या दिशेला हलतात त्याच दिशेला लाट चालते. पुस्तकात त्याला अनुतरंग म्हणतात. उलट, सासनकाठीला बांधलेली दोरी कुणी वर-खाली झटकली तर झटका दोरीभर जातो पण दोरी मात्र झटक्याच्या वाटेला आडवी हलते. उजेड त्या जातीचा, अवतरंग. त्यात हलतात ती विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रं, कण नव्हे. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर कुणाचा तरी ध्रुवीकरणवाला गॉगल आणा (दुकानदार त्याला पोलराइज्ड म्हणतात) आणि त्यातनं कॅल्क्युलेटरच्या आकड्यांकडं बघत गॉगल हळूहळू फिरवा. एका जागी आकडे जातात, सगळं काळं. अवतरंग असल्याशिवाय हे होत नाही. आवाजासाठी असला गॉगल कुणी बनवू शकत नाही, कारण त्याला आडवं-उभं असं काही नसतंच.

आवाजाला रेटायला कुणीतरी लागतं. गर्दी नसेल तर रेटा कुणाला देणार? हा प्रयोग मी दर वर्षी लावायचो. काचेची हंडी, आत विजेची घंटा, खाली हवा ओढणारा पंप. रॉबर्ट बॉइल यांनी १६६० मध्ये इंग्लंडात असलंच करून दाखवलं होतं. आमचा पंप म्हातारा आणि हंडीखालचं रबर कडक झालेलं. सर म्हणायचे, "आता आवाज गेला," आणि शेवटच्या बाकावरनं हमखास कुणीतरी, "अजून येतोय सर." पोरं हसायची. सर माझ्याकडं बघायचे. खरं तर पोरगंच बरोबर असायचं. हवा बरीच गेलेली असायची, पण घंटेचा थरथराट वायरीतनं आणि खालच्या तबकडीतनं टेबलाला लागायचा. एका वर्षी मी घंटा चार रबरी दोऱ्यांवर टांगली, तेव्हा आवाज निम्म्याहून कमी झाला. हंडीतली घंटा मात्र शेवटपर्यंत दिसायची, हातोडी टणाटण आपटताना. उजेडाला हवा गेल्याचं सुतक नसतं.

त्यामुळंच अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव होतो. जानेवारीच्या ३१ ला आणि फेब्रुवारीच्या १ आणि २ ला, तसाच नोव्हेंबरात ९ ते ११ ला, मावळतीचे किरण महाद्वारातनं आत येतात. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी छाती, तिसऱ्या दिवशी मुखकमल, असा क्रम सांगतात. ते किरण सूर्यापासनं निघून १५ कोटी किलोमीटर रिकाम्या पोकळीतनं ८ मिनिटं २० सेकंदांत येतात. त्या पोकळीत हवा भरलेली असती आणि आवाज आला असता तर त्याला जवळजवळ १४ वर्षं लागली असती. आणि मग शेवटच्या टप्प्यात एखाद्या इमारतीचा कठडा नाहीतर ढगाचा तुकडा आडवा आला की संपलं, दर्शन हुकलं. देवळातली घंटा वाजली तर ती त्याच कठड्याला वळसा घालून पलीकडच्या गल्लीत पोचते. सोनेरी रंगाचंही कारण मापातच आहे. मावळतीला किरण हवेच्या लांब थरातनं येतात, आखूड लाटेचा निळा रंग तांबड्याच्या साधारण चौपट विखुरतो, तो वाटेतच आभाळभर सांडतो. उरतो तो पिवळा-तांबडा.

आता भोंगा. थंडीत रात्रभर जमीन गार होत जाते आणि तिला चिकटलेली हवाही. पहाटेला खालची हवा गार, वरची त्यामानानं उबदार. मघाचं वाक्य आठवा, उबदार हवेत आवाज जोरात चालतो. म्हणजे भोंग्याच्या लाटेचा वरचा भाग पुढं पळतो, खालचा मागं राहतो. रांगेत डावीकडच्यांनी पाय उचलला आणि उजवीकडचे रेंगाळले की अख्खी रांग उजवीकडं वळते, तशी लाट खाली वळते. जो आवाज आभाळात निघून गेला असता तो घरांवरनं कमान करून तुमच्या बोळात उतरतो. दुपारी जमीन तापलेली, खालची हवा गरम, तेव्हा लाट वर वळते आणि तुमच्या डोक्यावरनं जाते. सामसूम असली तरी. पैलवानांचे कान पहाटे ताजे असतील, तालीम करतात, पण इथं हवेचं काम जास्त आहे.

उजेडही असाच वाकतो. मोकळ्या क्षितिजावर सूर्याचा खालचा काठ टेकलेला दिसतो तेव्हा सूर्य खरं म्हणजे क्षितिजाखाली गेलेला असतो. हवा त्याचे किरण अर्ध्या अंशाहून जरा जास्त वाकवते आणि सूर्याची थाळीही साधारण तेवढीच, अर्ध्या अंशाची.

पाण्यात मात्र दोघांची वागणूक अगदी उलटी. उजेड हवेतनं सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो, पाण्यात शिरला की सव्वादोन लाखांवर येतो. आवाज पाण्यात शिरला की ३४३ वरनं १,४८० च्या आसपास उडी मारतो. लहानपणी पंचगंगेत डबा बांधून पोहायला शिकलो तेव्हा पाण्याखाली दोस्त दोन दगड एकमेकांवर आपटायचे. टकटक अगदी कवटीत वाजायची, पण कुठून येते ते कधी ओळखता आलं नाही. दोन्ही कानांत किती फरकानं पोचला यावरनं आपण दिशा ओळखतो, आणि चौपट वेगात तो फरक चौथाई होतो.

शेवटी लेकीला एक काम द्या. शाळेच्या मैदानावरची लांब, उंच भिंत बघा, समोर मोकळं हवं. तुमची टेप दीड मीटरची. दोरीवर ३३ टेप आणि वर ५० सेंटिमीटर मोजा, म्हणजे ५० मीटर. तिथनं टाळी वाजवायची, भिंतीवरनं परत येईल. मग टाळ्या अशा ठेक्यात वाजवायच्या की परत आलेली टाळी बरोबर दोन टाळ्यांच्या मधोमध पडेल. ठेका बसला की पहिल्या टाळीला "शून्य" म्हणायचं तिथंच मोबाइलचं घड्याळ सुरू करायचं आणि "वीस" म्हणताना थांबवायचं. आलेल्या सेकंदांना ४० नं भागा. आवाजाला १०० मीटर जाऊन यायला तेवढा वेळ लागतो. किती आलं ते इथं लिहा.

टॉपवाला भावड्या

काकांनी आमच्या धंद्याचं गुपितच फोडलं की.

मी १४ वर्षं साऊंड लावतोय. लग्न, जत्रा, सभा, मिरवणूक. काका नऊवारी म्हणतात ते मला पोटासाठी कळलेलं. बेसचे बॉक्स कुठंही ठेवा, टेम्पोच्या मागं ठेवा, लोकांना फरक कळत नाही. टॉप, म्हणजे बारीक आवाजाचा, शब्दांचा बॉक्स, मात्र माणसांच्या डोक्यावरनं तोंडाला तोंड लावून ठेवावा लागतो. खांब आडवा आला तर खांबामागचा माणूस येऊन सांगतो, भाषण कळत नाही. त्याला बेस येत असतो, शब्द येत नाहीत.

सुरुवातीला एका गावच्या सप्त्यात माझी फजिती झालेली. मंडप लांबलचक. म्हटलं मागच्या लोकांना ऐकू जावं म्हणून ६० मीटरवर दोन टॉप आणखी टाकू. टाकले. महाराज "विठ्ठल" म्हणाले की मागं आधी माझ्या जवळच्या टॉपमधनं विठ्ठल, मग स्टेजवरनं विठ्ठल. मागच्या म्हाताऱ्या दोनदा टाळ वाजवायला लागल्या. एक आजी म्हणाल्या, "पोरा, पुण्य डबल मिळंल पण डोकं उठलं." वायरीतनं सिग्नल लगेच येतो, हवेतनं यायला ६० मीटरला १७५ मिलिसेकंद. तेव्हा मला डिले, म्हणजे आवाज मुद्दाम उशिरा सोडणं, माहीत नव्हता. आता मिक्सरवर मागच्या टॉपला १७५ चा डिले टाकतो, म्हणजे दोन्ही विठ्ठल एकाच वेळी पोचतात. १०० मिलिसेकंदाला ३४ मीटर, हा हिशेब आता झोपेतही येतो.

मंडळाची पोरं येतात, म्हणतात चार बॉक्सच्या जागी आठ लावा, आवाज डबल करा. टॉपचं म्हणाल तर आवाज मोजायच्या मीटरवर ३ डेसिबल वाढतं. ऐकणाऱ्याला दुप्पट वाटायला १० च्या आसपास लागतात, म्हणजे ताकद दहापट. भाडं मात्र सरळ डबल होतं. बेसचं तेवढं वेगळं. बेसचे बॉक्स एकमेकांना चिकटवून ठेवले तर ६ पर्यंत चढतं, कारण लाट एवढी लांब की शेजारच्या बॉक्सची लाट तिच्या पावलावर पाऊल टाकून चालते. म्हणून ती बेसची भिंत उभी करायची पद्धत पडली. आणि मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल उतरतं, पण पेठेतल्या अरुंद गल्लीत दोन्हीकडच्या भिंती ते परत फेकतात. मैदानातली सेटिंग गल्लीत लावली की ताईंची बटणं वाजणारच. सॉरी ताई. ती गाडी आपली नव्हती, पण असती तरी वाजलीच असती.

लेझरचं सांगतो, कारण ते कुणाला कळत नाही. डॉल्बीपासनं लांब गेलं की आवाज पसरत पसरत कमी होतो. लेझरची रेघ पसरतच नाही म्हटलं तरी चालेल, लांब उभं राहिलं म्हणून सुटका होत नाही. आणि ती डोळ्यात शिरली की डोळ्याचं भिंगच तिला मागच्या पडद्यावर एका टिंबात गोळा करतं. आपण लेझर लावत नाही. शार्पी (फिरत्या झोताचा साधा दिवा) लावतो, तीही आभाळाकडं तोंड करून. माझ्या डाव्या कानात कायम शिट्टी वाजते, तेवढं बास झालं.

पेठेतला पैलवान

हलगीचं पटलं. कान ताजे असतात ते मात्र मागं घेत नाही.

काका, एक विचारतो. ॲम्ब्युलन्स येताना बारीक वाजती आणि पुढं गेली की जाड होती. तेव्हा कुठं जातो तुमचा एकसारखा वेग?

प्रयोगशाळेतले काका

वेग तोच राहतो, लाटेचं माप बदलतं. गाडी पळता पळता लाटा सोडते. पुढच्या बाजूला प्रत्येक लाट आधीच्या लाटेच्या थोडी जवळ पडते, मागं थोडी लांब. ताशी ६० किलोमीटरला येताना साधारण ५ टक्के चढा आणि जाताना तेवढाच उतरता. गाणाऱ्याला विचाराल तर जवळजवळ दोन अर्धस्वरांचा फरक. डॉप्लर यांनी हे १८४२ मध्ये मांडलं, आणि तेही ताऱ्यांच्या रंगांबद्दल बोलताना. आवाजाची खात्री १८४५ मध्ये हॉलंडात झाली, आगगाडीवर तुताऱ्या वाजवणारे बसवून आणि कडेला सूर ओळखणारे उभे करून. आपल्याकडं कुणी तशी परवानगी देईल असं वाटत नाही.

गंगावेशीतली शिवणवाली

काका, भावड्या, सगळ्यांचे आभार. रविवार कारणी लागला.

ऑर्गंझा बघितला. मोरपंखी रंगाचा होता, त्यात ठिपके नीट दिसेनात, मग पांढरा घेतला. दिव्याची फुली दिसली. कापड हातात गोल फिरवलं तर फुलीही फिरते. शेजारच्या वहिनी विचारायला लागल्या, रस्त्यावर उभं राहून काय करताय मायलेकी. त्यांनाही दाखवलं. त्यांनी घरातनं जुन्या छत्रीचं कापड आणलं, त्यात ठिपके आणखी लांब लांब पडले. काका म्हणतात तसं, बारीक विणीला जास्त.

भावाचा गाडीवर घालायचा गॉगल निघाला त्या जातीचा. कॅल्क्युलेटर काळा झाला. लेकीनं त्याचा मोबाइलही धरला, तोही एका बाजूला काळा होतो. आता भाऊ म्हणतो, तरीच मला गाडीवर नकाशा आडवा धरला की दिसत नव्हता, मोबाइल बिघडला म्हणून दुकानात नेऊन आलो.

टाळ्यांचं. दोरी मोजली, ३३ टेप आणि ५०. ठेका धरायला पंधरा मिनिटं गेली. लेक ताल चुकते, मी भजनात बसते म्हणून टाळ्या मी वाजवल्या, घड्याळ तिनं धरलं. तीन वेळा केलं, ११.९, ११.४ आणि १२.१ सेकंद. सरासरी ११.८. चाळीसनं भागून ०.२९५. म्हणजे सेकंदाला ३३९ मीटर. पुस्तकातलं एवढं जवळ आलं की लेकीला वाटलं मीच तिला फसवतेय. १२.१ वाला आकडा टाकून द्यावा काय, विचारत होती.

घरी येताना पंचगंगा घाटावर गेलो. म्हटलं पायऱ्यांसमोर वाजवून बघू. खाली पाण्याजवळ उभं राहून वर पायऱ्यांकडं तोंड केलं आणि एक टाळी मारली. टाळी परत आलीच नाही! "च्यँव" असं काहीतरी आलं, वरनं खाली घसरत गेल्यासारखं. पक्ष्यानं ओरडावं तसं. परत मारली, परत च्यँव. कपडे धुणाऱ्या बायका बघायला लागल्या म्हणून निघालो, पण निघताना लेकीनं टेपनं पायरी मोजून घेतली. रुंदी १३ इंच. तिला वाटतंय मापाचा काहीतरी संबंध असणार.

प्रयोगशाळेतले काका

१२.१ टाकायचा नाही. वहीत तिन्ही राहू देत.

आणि पायरी मोजली त्या पोरीला माझ्याकडनं एक पेन. १३ इंच म्हणजे ३३ सेंटिमीटर. प्रत्येक पायरी टाळीचा एक तुकडा परत पाठवते. पुढच्या पायरीचा तुकडा ३३ जास्त जाऊन ३३ जास्त परत येतो, म्हणजे ६६ सेंटिमीटर उशिरा. ३४३ ला ०.६६ नं भागा, साधारण ५२०. तुमच्या कानावर सेकंदाला ५२० च्या चालीनं टाळ्या येऊन आदळतात, आणि एवढ्या लागोपाठ आल्या की कानाला त्या टाळ्या वाटत नाहीत, एक सूर वाटतो. घसरतो कशामुळं, तर जवळच्या पायऱ्या तुमच्या कानाच्या खाली तिरक्या पडतात, तिथं लागोपाठच्या दोन पायऱ्यांचं अंतर कानाच्या हिशेबानं ३३ पेक्षा कमी भरतं. म्हणून सुरुवात चढी, मग सूर उतरत ५२० कडं येतो. उंचावरच्या पायऱ्यांना तर पायरीची उंचीही अंतरात मिळते, तिथं आणखी थोडा उतरत असणार.

६० वर्षं त्या घाटावर जातोय. पोहलो, धुणं बडवताना आधी हात खाली आलेला दिसतो आणि मग थप्प ऐकू येतं हे पलीकडच्या काठावरनं दर वर्षी नव्या पोरांना दाखवलं. पायऱ्यांकडं तोंड करून एक टाळी काय वाजवली नाही. उद्या सकाळी जाऊन येतो. पायरीची उंचीही मोजून आणतो, तेवढी तुमची राहिलीय.

टॉपवाला भावड्या

काका, किती वाजता? मी मीटर घेऊन येतो.